‘कंबर दुखते’ म्हणाली, दुखत होता खुबा : बडोद्यातली एक केस

पार्श्वभूमी

ही केस लिहायला तिची परवानगी घेतलीय, नाव बदललंय आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टीही बदलल्यात. आपण तिला सायली म्हणू. वय २५, दांडिया बाजारात घर, अलकापुरीत अकाउंट्सची नोकरी म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत, सकाळी कमाटी बागेत तीन-चार किलोमीटर रनिंग, आठवड्यातनं तीनदा जिम, आणि वर्षातनं एकदा नऊ रात्री गरबा. बडोद्यात मंगळागौरीची फुगडी विसरलेल्या मराठी मुली ढीगभर सापडतील, पण दोढियुं ही गरब्याची चाल न येणारी मी तरी अजून पाहिली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रावपुऱ्यात छोटं क्लिनिक आहे. केस माझ्याकडे आली तेव्हा सोपी वाटली होती, म्हणूनच लिहितेय.

२०२३ ची नवरात्र १५ ऑक्टोबरला बसली. पाच रात्री मस्त गेल्या. सहाव्या रात्री वळून मागे पाऊल टाकताना डाव्या पायात वर कुठेतरी कळ आली, तिच्या शब्दात ‘कडी अडकली आणि परत सुटली’. पाय अनवाणी, अंगावर चार-पाच किलोचा घागरा, आजूबाजूला सगळं मैदान फिरतंय, मधेच थांबलं तर मागचे अंगावर येणार, म्हणून खेळत राहिली. आणि मग सातवी, आठवी, नववी पण खेळली, पास वाया कोण घालवणार.

दोन महिने कंबरेचे

दसऱ्यानंतर ऑफिसात तासभर बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. ॲक्टिव्हावर पाय टाकून बसताना कळ, मोजे घालताना कळ, रिक्षातून उतरताना तर पाय हाताने उचलून बाहेर ठेवायचा. फॅमिली डॉक्टरांकडे गेली, बाबा सोबत. काय होतंय विचारल्यावर तिने सांगितलं, कंबर दुखते. डॉक्टर म्हणाले, कमरनो दुखावो छे, बेसी बेसीने थाय, गोळ्या दिल्या. फरक नाही म्हणून कंबरेचा एक्सरे, मग कंबरेचा एमआरआय, त्यात एका मणक्याखाली हलका डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली, निघाला. झालं. बेल्ट, ट्रॅक्शन, पुढे वाकू नको, रनिंग बंद.

आता यात डॉक्टरांनाच बोल लावून चालणार नाही. हलका डिस्क बल्ज कसलंही दुखणं नसलेल्या पंचविशीतल्या पुष्कळ लोकांत सापडतो, तो दिसला म्हणजे तोच दुखतोय असं होत नाही, हे खरं. पण सुरुवात तिच्या ‘कंबर’ या शब्दापासून झाली होती आणि त्या शब्दाचा घोळ आपल्या सगळ्यांचा आहे. आज आपल्या बोलण्यात खुब्याला, म्हणजे मांडी धडाला जिथे जोडली जाते त्या सांध्याला, शब्दच उरला नाही. आजी लोक अजून खुबा म्हणतात, तरुण मुलं ‘हिप’ म्हणतात पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात बसायची जागा असा असतो, आणि मधल्या पिढीला कंबर ते गुडघा यामधलं सगळंच कंबर. प्रत्यक्षात खुब्याचा सांधा खोलवर असतो आणि तो दुखला की जास्त करून पुढे जांघेत दुखतं. बाजूला, जिथे हाड हाताला लागतं, तिथलं दुखणं बरेचदा स्नायूचं किंवा त्याला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनचं असतं, आणि मागचं असेल तर आधी कंबर बघावी लागते. म्हणजे जागा नीट कळली की अर्धं काम झालं.

आणि जांघेत दुखतं हे बाबांसमोर पुरुष डॉक्टरला पंचवीस वर्षांची मुलगी सांगत नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं, ‘ताई, मला माहिती होतं कंबर नाहीये ते, पण तो शब्द कसा बोलणार.’ दोन महिने, एक एमआरआय आणि एक बेल्ट, एका शब्दापायी.

माझ्याकडचे सहा आठवडे, ज्यात चूक माझी

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. खोलीत दोघीच. मी म्हटलं, तोंडाने सांगू नको, हाताने दाखव. तिने डावा हात खुब्याभोवती धरला, अंगठा मागे आणि चार बोटं पुढे जांघेत, जणू मोठा ग्लास पकडलाय. पुस्तकात याला सी-साइन म्हणतात कारण हाताचा आकार इंग्रजी सी सारखा होतो, आणि सांध्याच्या आतल्या दुखण्याची ती जुनी खूण. मी ती खूण बघितली, मनात म्हटलं वा, कंबर नाहीच, आणि तिथेच माझी हुशारी संपली.

कारण पुढे मी गुडघ्यांमध्ये मूठ ठेवून दाबायला सांगितलं, थोडं दुखलं, मांडीचा पुढचा स्नायू टाइट लागला, आणि निदान करून टाकलं की गरब्यात जांघेचा स्नायू ताणला गेलाय. आमच्याकडे नवरात्रीनंतर अशा दहा केस येतात, अकरावी पण तशीच वाटली. दिले स्ट्रेच. बद्धकोणासन, पिजन पोज, लंज. बद्धकोणासनात तिचे दोन्ही गुडघे सरळ जमिनीला टेकले आणि मी म्हणाले, अरे वा, केवढी लवचिक आहेस! हे वाक्य मला अजून टोचतं. ज्या मुलीचे गुडघे आरामात जमिनीला टेकतात तिला अजून ताणायची काय गरज होती, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. स्नायू टाइट लागत होता तो सांधा ढिला होता म्हणून, सैल दाराला पाचर मारावी तसा तो सांध्याला धरून बसला होता, आणि मी रोज ती पाचर काढायला सांगत होते.

सहा आठवड्यांत दुखणं वाढलं. आता रात्री कुशीवर वळलं तरी जाग यायची.

आजी काय म्हणाली

फेब्रुवारीच्या मध्यात सायली आजीला घेऊन आली, आजीच्या गुडघ्यांसाठी. आजी टेबलावर बसायच्या आधीच सुरू, ‘हिच्या लाथेनं निम्म्या गल्लीच्या उसणी गेल्या, आणि आता बघ हिचीच कंबर धरली.’ मी हसले आणि विचारलं लाथेनं म्हणजे, तर म्हणाली, ‘अगं पायाळू ना ती!’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायाकडून जन्मलेलं मूल, आणि आपल्याकडे समजूत अशी की कुणाच्या कंबरेत उसण भरली तर पायाळू माणसाने हलकी लाथ मारली की ती उतरते. सायली सहा-सात वर्षांची असताना शेजारचे काका-काकू रविवारी सकाळी ओट्यावर पालथे पडायचे आणि ही लाथ मारून एक-एक पेपरमिंट घ्यायची. उसणीचं काय व्हायचं ते मला माहीत नाही, पण मला त्या क्षणी दुसरंच आठवलं. पायाळू म्हणजे डॉक्टरी भाषेत ब्रीच. ब्रीच, मुलगी आणि घरातलं पहिलं मूल, या तिन्ही गोष्टी जन्मापासून खुब्याची वाटी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल बॉल जिच्यात बसतो ती, उथळ असण्याच्या कारणांच्या यादीत वरच्या क्रमांकावर येतात. लहानपणी जास्त उथळ असेल तर चालायला लागल्यावर लक्षात येतं, थोडीशीच असेल तर कुणाला कळत नाही, मुलगी पळते, नाचते, आणि विशी-पंचविशीत कधीतरी जांघेत कळ येते. ही तीन उत्तरं पहिल्याच दिवशी मिळाली असती. मी विचारलंच नव्हतं. मोठ्या माणसाला तू जन्मताना कसा होतास असं कोण विचारतं.

आजीला बाहेर बसवून सायलीला परत पहिल्यापासून तपासलं.

परत तपासणी

गुडघा छातीकडे आणि आतल्या बाजूला नेऊन, पाऊल बाहेर जाईल अशी मांडी आत फिरवायची, ज्याला फॅडिर म्हणतात, ती टेस्ट दुखली. पण ही टेस्ट सांध्यातल्या जवळपास कुठल्याही भानगडीत दुखते, न दुखली तर उपयोग जास्त. मला खरी खूण मिळाली ती फिरण्याच्या मापात. खुबा ९० अंशात वाकवून पाय आतल्या बाजूला फिरवला तर तो ५० अंशांपर्यंत गेला, दोन्हीकडे. आजकाल तरुण खेळाडूच्या जांघेत दुखलं की सगळ्यांच्या तोंडी इम्पिंजमेंट असतं, म्हणजे बॉल किंवा वाटीच्या कडेला जादा हाड असल्यामुळे दोन्ही एकमेकांवर आपटणं. त्यात हे फिरणं साधारण कमी होतं. हिचं जास्त होतं. मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बाहेर फिरवला तर तिने माझा हात धरला, ‘ताई नको, निघेल असं वाटतंय.’ अंगठा मनगटाला टेकतो, करंगळी मागे ९० अंशांच्या पुढे जाते, असे सांध्यांच्या सैलपणाचे नऊ गुण असतात, तिला सहा पडले.

त्याच वेळी जे चुकून चालणार नाही ते आधी बघितलं. रनिंग करणाऱ्या मुलीच्या जांघेत दुखलं तर मांडीच्या हाडाच्या मानेला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक चीर, असू शकतं, ते नजरेतून सुटलं तर हाड सरकून मोठं ऑपरेशन होतं, म्हणून एका पायावर उडी, पाळी नियमित आहे का, जेवण कमी केलंय का. स्टिरॉइड घेतले होते का, कारण कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे तरुण वयात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेले पेशंट बरेच दिसले. ताप, वजन घटणं, रात्री न हलताही दुखणं, कारण आपल्या देशात खुब्याचा टीबी अजून आहे. सकाळी अर्धा-पाऊण तास आखडल्यासारखं वाटतं का, म्हणजे वाताची शंका. पाळीबरोबर दुखणं कमी-जास्त होतं का. ही सगळी उत्तरं ठीक होती, तरी एमआरआय केल्याशिवाय मी पुढे जायला तयार नव्हते. स्ट्रेच मात्र त्याच दिवशी बंद केले, आणि का बंद करतेय ते तिला सांगितलं, माझी चूक म्हणूनच सांगितलं.

रिपोर्ट

शहरातल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पत्र लिहून दिलं. पूर्ण ओटीपोटाच्या हाडाचा समोरून एक्सरे, त्यावर रिपोर्ट ‘नॉर्मल’. खुब्याचा ३ टेस्लाचा एमआरआय, त्यात फ्रॅक्चर नाही, रक्तपुरवठा ठीक, पाणी नाही, पण डाव्या बाजूच्या लेब्रमला पुढे-वर फाट, आणि शेवटी एक ओळ, ‘इम्पिंजमेंट नाकारता येत नाही’.

लेब्रम म्हणजे वाटीच्या कडेची रबरासारखी गादी, डब्याच्या झाकणातली रिंग असते तशी. ‘फाट’ शब्द वाचून तिची आई रडली. मी त्यांना एक गोष्ट सांगितली, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ लोकांचे एमआरआय काढले, सरासरी वय अडतीसच्या आसपास, आणि ६९ टक्क्यांत लेब्रमची फाट दिसली. म्हणजे फाट आहे हे खरं, पण दुखतंय ते फाटीमुळेच का, आणि फाटली का, हे दोन प्रश्न तसेच उभे. आई म्हणाल्या, ‘अहो पण लिहिलंय ना फाटलंय.’ लिहिलं होतं हे खरंच.

पर्याय, आणि प्रत्येकाचं म्हणणं

मार्चमध्ये अहमदाबादच्या एका सर्जननी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं, एप्रिलमध्ये केलं तर ऑक्टोबरच्या गरब्याला तयार. नवरात्रीचं नाव निघाल्यावर सायलीचे डोळे चमकले, आणि मला तिथेच भीती वाटली, कारण तारीख ठरवून निर्णय उलटा मोजत आणायला लागलं की तपासायचं राहून जातं.

दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. इम्पिंजमेंटवर ब्रिटनमध्ये चांगल्या ट्रायल झाल्यात. २०१८ मध्ये ३४८ पेशंटची एक आली, त्यात एक वर्षानंतर ऑपरेशनवाले आणि नीट आखून दिलेल्या फिजिओवाले दोघंही सुधारले, ऑपरेशनवाले १०० गुणांच्या मोजपट्टीवर साधारण ७ गुणांनी जास्त. पुढच्या वर्षी २२२ पेशंटच्या दुसऱ्या ट्रायलमध्येही ऑपरेशनचंच पारडं जड. पण हे सगळं इम्पिंजमेंट असलेल्यांचं. आणि इम्पिंजमेंट हे नाव कधी द्यायचं यावर २०१६ साली तज्ज्ञांनी एकमताने लिहून ठेवलंय, त्रास, तपासणीतली खूण आणि एक्सरेतला आकार, तिन्ही हवं. सायलीकडे तिसरी गोष्ट होती का? कुणी मोजलंच नव्हतं. ‘नॉर्मल’ लिहिणाऱ्याने फ्रॅक्चर आणि झीज बघितली होती, कोन नाही.

मी एक्सरेची फाइल पुण्याच्या एका सर्जनना पाठवली जे तरुणांचे खुबे वाचवण्याचंच काम करतात, व्हिडिओ कॉलवर सायली, तिचे आईबाबा आणि मी. त्यांनी स्क्रीनवर रेघ मारून दाखवली. बॉलच्या मध्यातून सरळ वर एक रेघ, तिथूनच वाटीच्या बाहेरच्या कडेला दुसरी, मधला कोन म्हणजे वाटीने बॉलला किती झाकलंय त्याचं माप. २५ च्या वर असेल तर ठीक, २० च्या खाली म्हणजे उथळ, मधे म्हणजे काठावर. सायलीचा डावा २१, उजवा २४. बॉलचा आकार गोल, जादा हाड नाही. म्हणजे प्रश्न आपटण्याचा नव्हता, कमी आधाराचा होता. छप्पर आखूड, त्यात सांधे सैल, सगळा भार कडेच्या रबरी रिंगवर, वर्षानुवर्षं, आणि गरब्यात अनवाणी वळून मागे पाऊल टाकलं तेव्हा ती रिंग बोलली.

गंमत अशी की ही दोन्ही टोकं एकाच माणसाने जगाला शिकवली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गांझनी १९८४ मध्ये उथळ वाटीचं हाड कापून, फिरवून, स्क्रूने बसवायचं ऑपरेशन सुरू केलं, १९८८ ला प्रसिद्ध केलं. पुढे त्यांच्या टीमच्या लक्षात आलं की छप्पर जास्त फिरवलं तर ते बॉलवर आपटतं, आणि २००३ मध्ये इम्पिंजमेंटमुळे सांधा झिजतो ही मांडणीही त्यांचीच. हे मी सायलीच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे कमी पण वाईट आणि जास्त पण वाईट, पोळीतल्या मिठासारखं.’ बरोबर.

तर टेबलावर चार रस्ते होते. एक, दुर्बिणीने फाट शिवणं. पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, काठावरच्या खुब्यात हे कधीकधी चालतं, पण कडेचं हाड घासलं किंवा आवरण नीट शिवलं नाही तर आधीच सैल असलेला सांधा अजून सैल होतो, आणि मग मागे येणं अवघड. दोन, गांझचं मोठं ऑपरेशन. कारण बरोबर, पण हाड कापणं आहे, अनेक आठवडे कुबड्या, महिनोन्‌महिने रिकव्हरी, आणि २१ अंशांवर ताकदीचे व्यायाम न करता थेट तिथे उडी मारायला कुणीच तयार नव्हतं. तीन, सांध्यात इंजेक्शन. चार, तीन-चार महिने ताकदीचे व्यायाम आणि हालचालींमध्ये बदल.

आईंचा प्रश्न वेगळाच होता आणि तो त्यांनी कॉल संपल्यावर मला एकटीला विचारला. स्थळं बघतोय, हे सांगावं लागेल का, बाळंतपणात त्रास होईल का? मी म्हटलं, काठावरच्या खुब्याने मूल होण्याला अडथळा येत नाही, गरोदरपणात वजन वाढतं आणि सांधे सैल होतात म्हणून दुखणं वाढू शकतं, त्याची तयारी करता येते. सांगायचं की नाही हे तुमच्या घरचं. त्या म्हणाल्या, ‘रिपोर्ट मी कपाटात ठेवलाय.’ मी काही बोलले नाही, पण एक फोटोकॉपी सायलीकडे असू द्या एवढं सांगितलं, कारण पुढच्या डॉक्टरला तो लागेल.

काय केलं

आधी इंजेक्शन, पण बरं करायला नाही, ओळखायला. मार्चच्या शेवटी सोनोग्राफीत बघून सांध्यात फक्त बधिरीकरणाचं औषध दिलं. काही तासच असर राहतो, त्या तासांत जे दुखायचं ते सगळं करून बघायचं. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये सायली जिने चढली-उतरली, उकिडवी बसली, आणि मग ओढणी कंबरेला खोचून दोढियुंच्या दहा-बारा फेऱ्या, वॉर्डबॉय ट्रॉली थांबवून बघत उभा. जांघेतलं दुखणं दहापैकी सहावरून एकवर. पण बाजूचं, हाड लागतं तिथलं, तीनचं तीनच राहिलं. म्हणजे दुखण्याची दोन घरं निघाली, एक सांध्यात आणि एक बाजूच्या थकलेल्या टेंडनमध्ये. हे कळलं नसतं तर सांध्याचं काहीही केलं असतं तरी ती ‘अजून दुखतंय’ म्हणत आली असती.

एप्रिलपासून व्यायाम. स्ट्रेच शून्य. पहिले चार आठवडे कंटाळवाणे, कुशीवर प्लँक गुडघे टेकून, ब्रिज, भिंतीला पाय दाबून धरणं. डाव्या कुशीवर ती पहिल्या दिवशी ११ सेकंद टिकली, उजवीकडे २९. मग पायरीवरून हळू खाली उतरणं, आरशासमोर, ओटीपोट एका बाजूला पडू न देता. मग एका पायावर वजन घेऊन वाकणं. जुलैत हलकं जॉगिंग, एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. स्क्वॉट बंद केले नाहीत, फक्त खुर्चीच्या उंचीपर्यंत. ऑफिसात खुर्ची उंच केली, पायावर पाय टाकून बसणं बंद, दर चाळीस मिनिटांनी उठणं. घरी सगळ्यात मोठं भांडण मांडी घालून जेवायला बसण्यावरून झालं, आजीला ते पटेना, शेवटी पाटाऐवजी चौरंग आणला आणि सायली त्यावर बसून जेवायला लागली.

मे महिन्यात एकदा सगळं घसरलं. मैत्रिणीच्या लग्नात हळदीला तीन तास नाचली आणि दुसऱ्या दिवशी परत लंगडत आली, आता ऑपरेशनच करू म्हणाली. इथे मला वाटतं आमचा खरा निर्णय झाला. मी तिला आकडे दाखवले, कुशीचा प्लँक ११ वरून ३८ सेकंद झाला होता, दुखण्याचे प्रश्न विचारून १०० पैकी गुण देतात, जास्त म्हणजे बरं, ते ४१ वरून ५६. म्हटलं, सोळा आठवडे ठरलेत, आत्ता सहा झालेत, दहा उरलेत, तेवढे पूर्ण करून मग ठरव, तेव्हाही ऑपरेशन म्हणालीस तर मी स्वतः पुण्याला फोन लावते. दुखणं चार दिवसांत उतरलं.

पुढे काय झालं

२०२४ ची नवरात्र ३ ऑक्टोबरला बसली. गुण तेव्हा ७२ होते, प्लँक दोन्ही बाजूंना साठ सेकंदांच्या वर. ठरलं असं की एकाआड एक रात्र, सुरुवातीचा संथ भाग खेळायचा, शेवटचा सुसाट भाग नाही, हलका घागरा, आणि मोबाइलमध्ये चाळीस मिनिटांचा टायमर. ती चार रात्री खेळली. पाचव्यांदा गेली पण कडेला बसून मैत्रिणींच्या चपला सांभाळल्या, आणि मला तिथून चिडलेला सेल्फी पाठवला.

जानेवारी २०२५ मध्ये एक्सरे परत काढला, सांध्यातली जागा तेवढीच, झीज नाही. गुण ७६. लांब कारच्या प्रवासानंतर अजून दुखतं, थंडीत जास्त. पूर्वीसारखी झालीय का, तर नाही, आणि कोन तर २१ चा २१ च राहणार, व्यायामाने हाड वाढत नाही. मोठं ऑपरेशन कायमचं टळलंय असं मी तिला सांगितलेलं नाही. वर्षाला एक एक्सरे, आणि दुखणं वाढायला लागलं तर सांधा झिजायच्या आत पुण्याला जायचं, कारण वाटी फिरवायचं ऑपरेशन कूर्चा चांगली असेपर्यंतच कामाचं.

आता वेगळं काय करते

तरुण मुलगी जांघेचं दुखणं घेऊन आली की सोबतच्या माणसाला मी आधी पाच मिनिटं बाहेर बसवते. जन्माचं विचारते, सरळ ‘पायाळू होतीस का’ असंच, कारण ब्रीच म्हटलं की कुणाला कळत नाही आणि पायाळू म्हटलं की आईला फोन लागतो. जिचं फिरणं आधीच जास्त आहे तिला स्ट्रेच देत नाही. एक्सरेच्या पत्रावर आता ‘बाजूच्या झाकणाचा कोन मोजून लिहावा’ असं लिहिते, रेडिओलॉजीवाले आधी वैतागले, आता लिहितात. आणि माझ्या उपचाराने तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर निदान परत उघडते. सायलीचं मी सहा आठवडे उघडलं नाही, अकरावी केस म्हणून.

फेब्रुवारीत आजीचा फोन आला. सायलीच्या मावसबहिणीला मुलगी झाली, शेवटपर्यंत पायाकडून होती म्हणून सिझर केलं. मी सांगितलं, सहा आठवड्यांची झाली की दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या, आणि दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधू नका, मोकळे राहू द्या. सोनोग्राफी झाली, नॉर्मल आली, सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांनी एक एक्सरे काढायला सांगितलाय. आजीला मात्र वेगळीच शंका होती, सिझर झालं तर बाळ पायाळू धरायचं की नाही. मी म्हटलं, आजी, खुब्याच्या हिशेबाने धरायचं, पोटात कसं होतं ते महत्त्वाचं. थोडा वेळ गप्प बसून आजी म्हणाली, ‘आणि उसणीच्या हिशेबाने?’